सातवी बैठक उठत नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज अनुपसरांनी मला आत बोलावून दार लावलं, तेव्हा वाटलं गेली नोकरी. गेली नाही, पण टांगून ठेवली आहे. आमच्या ‘हुरडा’ अ‍ॅपवर वऱ्हाडी मालिका, नाटकं, किस्से असं सगळं आहे. लोक बघतात, पण एकेकटे, फोन घेऊन कोपऱ्यात. सरांना आता असं हवंय की अमरावतीची मावशी आणि अकोल्याचा भाचा आपापल्या घरी बसून एकच भाग एकाच वेळी बघतील, बघता बघता एकमेकांना दिसतील, बोलतील, हसतील. नाव ठरलं ‘बैठक’. ती कशी दिसेल, कुठलं बटण कुठे असेल, हे सगळं मी ठरवायचं.

“वीस डिसेंबरला लोकांपुढे ठेवायची. नाही जमलं तर बैठक बंद, आणि मग तुझ्याजोगं काम माझ्याकडे उरत नाही. तुला पुण्याहून विचारलंय ती नोकरी घे, मी रागावणार नाही.”

रागावणार नाहीत म्हणे! माझ्या रागाचं काय? इथून, अमरावतीहून, दोन तासांत मी अकोल्याला बाबांच्या दारात असते. पुण्याला गेले की सणावारालाच भेट. आईला जाऊन तीन वर्षं झाली. ज्या माणसाने तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, रोज शेकडो लोकांशी हुज्जत घातली, तो घरात गप्प बसलेला मला बघवत नाही.

तर नवी वही सुरू. खाडाखोड चालेल, खोटं चालणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भाग मध्येच थांबवायचं बटण कोणाच्या हातात द्यायचं? यावर चार दिवस गेले. सरांचं म्हणणं, ज्याने बैठक बोलावली त्याच्याच. मी म्हटलं, सगळ्यांच्या. बंडू आमचा प्रोग्रामर, अंजनगाव सुर्जीचा. त्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, आमच्या घरी रिमोट आजीजवळ राह्यते. तिले दिसत नाई. पन तिच्याजवळून घ्याची हिंमत कोनाची हाये?”

शेवटी सगळ्यांच्या हाती दिलं. कोणाच्या दारी दूधवाला येतो, कोणाचा कुकर शिट्ट्या देतो. थांबवू दे ज्याला थांबवायचं त्याला. माणसं ओळखणं हेच तर माझं काम.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चाचणीसाठी चाळीस घरं मिळाली, चार-चार घरांच्या दहा बैठका. सातवी बैठक माझ्या घरची: अमरावतीहून मी, अकोल्याहून बाबा, बार्शीटाकळीहून धर्मेंद्रदादा आणि नीलमवहिनी. चौथं घर कमी पडत होतं म्हणून माणिकमावशीला घातलं. ती आईची नर्सिंगपासूनची मैत्रीण. निवृत्त होऊन अंजनगावला एकटीच असते.

बाबांना फोन केला.

“मले कायले ओढतं त्याच्यात? अन् ते माणिकबाई! लय बोलते ते.”

“तुम्ही कमी बोलता का?”

“मी कामापुरतं बोलतो.”

तीस वर्षं ‘पुढं सरका, पुढं सरका’ हे कामापुरतंच होतं म्हणा. रोज संध्याकाळी पाचची वेळ ठरली, कारण सहानंतर वहिनीला स्वयंपाक. बघायला ‘मोटर कोणी नेली’. विहिरीवरची मोटर चोरीला जाते आणि एक हवालदार आठ भाग ती शोधत फिरतो, अशी आमची ताजी मालिका.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आकडे आले आणि अनुपसर खुर्चीतून उडाले. अर्ध्या तासाचा भाग, आणि बैठका चार-चार, पाच-पाच तास चालू! “लोक उठायलाच तयार नाहीत!” त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा पोटात उतरायच्या आत बंडूने पाणी ओतलं. भाग संपून गेलेले. कॅमेऱ्यासमोर कोणी नाही. कोणाचा फोन फळीवर उपडा, कोणाचा उशीखाली. एका घरी नुसती भिंत आणि कॅलेंडर दिसत होतं, तेही ऑक्टोबरचं. बैठक चालू आणि माणसं बेपत्ता.

मी घरोघर फोन लावले. कोणी धड सांगेना. शेवटी चौथ्या बैठकीतल्या पार्बताबाईंनी तोंड उघडलं. “कशी उठू पोरी? बटन दाबलं का सगळ्याइच्या फोनवर येते, ‘पार्बताबाई बाहेर पडल्या.’ लोक म्हनतीन, इले कंटाळा आला आमचा. मंग मी तसीच ठेवते चालू अन् भाकरी टाकाले जाते.”

‘बाहेर पडल्या’ ही पाटी मीच लिहिली होती, मोठ्या हौसेने, लाल अक्षरांत. चाळीस घरांत एकही माणूस असा नाही जो चारचौघांतून पहिला उठेल. सगळे दुसऱ्याची वाट बघत बसतात आणि फोनची बॅटरी संपली की सुटतात. मला हे आधी का सुचलं नाही? मी स्वतः लग्नाच्या पंगतीत शेजारचीने ताट सारेपर्यंत बोटं चाटत बसते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सापडलं! बंडूच्या घरी अंजनगावला जेवायला गेले होते. जेवणं झाली, दहा-बारा पाहुणे बसलेले, गप्पा रंगात. एवढ्यात बंडूच्या आईने बडीशेप-सुपारीचं, आमच्याकडच्या सोपेचं, तबक आणलं. कोणी काही बोललं नाही. प्रत्येकाने चिमूटभर सोप तोंडात टाकली आणि पाच मिनिटांत खोली रिकामी. ‘आता उठा’ म्हणायचं पाप घरधन्याने केलं नाही, ‘आता जातो’ म्हणायचं पाप पाहुण्यांनी केलं नाही.

मी पण सोप घेतली आणि तडक बस स्टँड गाठलं. बसमध्ये तिकिटाच्या मागे तबकाचं चित्र काढलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लाल पाटी काढून टाकली, आणि लोकांच्या घरातलं चित्र ऑफिसात दिसणंही बंद केलं; आता घरागणिक एक हिरवा दिवा तेवढा दिसतो. आता भाग संपला की बैठक बोलावणाऱ्याला तबक दिसतं. त्याने ते फिरवलं की सगळ्यांपुढे येतं, जो तो चिमूट उचलतो आणि आपोआप निघतो. कोण आधी गेलं, कोण मागून, कोणालाच दिसत नाही. आजच चालू केलं. दहापैकी नऊ बैठका चार मिनिटांत उठल्या! बंडू टेबलावर चढून नाचला.

सातवी उठली नाही. माझीच. सोप सगळ्यांपुढे फिरली, मी निघाले, दादा-वहिनी निघाले, पण अकोला आणि अंजनगाव हे दोन दिवे रात्री साडेसातपर्यंत हिरवेच. काहीतरी अडकतंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथा दिवस. तेच दोन दिवे. बंडूने कोड वरून खाली आणि खालून वर वाचला. बाकीचे निघाले की त्यांची मालिका मागच्या दुसऱ्या भागावर जाते आणि अकराव्या मिनिटावर थांबते. हवालदाराचं तोंड उघडं, दोन-दोन तास तसंच. बंडूचं निदान, चित्र गोठतं आणि त्याबरोबर आख्खी बैठक गोठते.

बाबांना फोन केला. “सोप घेतल्यावर तुमचा फोन बंद होतो ना, बाबा?”

“होते ना. बराबर होते.”

“इकडे चालू दिसतो.”

“मंग फोन जुना झाला असन.”

खरंच आहे, सहा वर्षं झाली त्या फोनला. तेच कारण असणार.

२ डिसेंबर, मंगळवार

बाबांनी नवा फोन घेतला. मी सांगून सांगून थकले होते तेव्हा ऐकत नव्हते, आता एका दिवसात! त्यांना माझ्या कामाची किती काळजी आहे. वर विचारत होते, “त्याच्यात तोंड खालून कावून दिसते वं? नुसत्या नाकपुड्या येतात.” मी म्हटलं, कशाला तरी टेकवून उंच ठेवा.

दिवे मात्र नव्या फोनवरही हिरवेच. म्हणजे दोष फोनचा नव्हता. एक धागा तुटला.

वहिनीला सांगितलं तर ती हसतच सुटली. मी चिडले. इथे माझी नोकरी जायची वेळ आली आहे आणि हिला हसू येतंय.

८ डिसेंबर, सोमवार

बाबा दादरहून आले. सहा डिसेंबरला दरवर्षी जातात, एकदाही चुकलेलं नाही. यंदा माणिकमावशीही त्याच गाडीत होती म्हणे, अंजनगावच्या बायकांबरोबर. दोन दिवस बाबा अकोल्यात नाहीत आणि मावशी अंजनगावात नाही, तर सातव्या बैठकीतला बिघाडही दोन दिवस गायब! बंडूला लगेच कळवलं. तो म्हणाला, म्हणजे दोष त्या दोन गावांच्या नेटवर्कमध्ये आहे. मलाही पटलं.

बाबांच्या मिशा एकदम काळ्याभोर झाल्यात. मी विचारलं तर म्हणाले, न्हाव्याने न विचारता कलप लावला.

१० डिसेंबर, बुधवार

अनुपसर आज रागावले, आणि रागावले की त्यांचं पुण्यात कमावलेलं मराठी गळून पडतं. “दहा दिवस राह्यले! चाळीस घरात एक बैठक लटकते, उद्या चाळीस हजारात किती लटकतीन? बंद होत नसन तं बाहेर हाकला!”

तर नियम ठरला. सोप फिरल्यावर पाच मिनिटांनी जो कोणी उरेल त्याला बैठक स्वतःच बाहेर काढेल. पाटी मी लिहिली: ‘सोप घेऊन झाली. बैठक उठली आहे.’ काळ्या अक्षरांत, नम्र.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नियम चालू केला. पाच मिनिटांनी सातवी बैठक बंद! बंडूने हात वर केले. मिनिटभरात पुन्हा उघडली. पुन्हा तबक, पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा बंद. पुन्हा उघडी. एका संध्याकाळी अकरा वेळा.

“ताई,” बंडू घाम पुसत म्हणाला, “हे भूत शिकून राह्यलं.”

उद्या शनिवार. न सांगता अकोल्याला जाते आणि तो फोन खोलूनच बघते.

१३ डिसेंबर, शनिवार. अकोला

बाबा झोपले, आता लिहायला बसले आहे.

पावणेसहाला पोचले. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात बाबा, अंगात इस्त्रीचा शर्ट, समोर मेथीची जुडी, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. पडद्याच्या एका बाजूला तो हवालदार तोंड उघडून थिजलेला. दुसऱ्या बाजूला माणिकमावशी, मांडीत सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होती.

“अन् मेट्रनबाई दारात उभी! तुमची बायको होस्टेलच्या भितीवर, एक पाय इकडं, एक पाय तिकडं. मी खालून म्हनते, उतर वं बाई, मेट्रन आली. तं ते म्हनते, थांब, आंधी कैरी तोडू दे!”

बाबा हसले. मेथी हातातून सांडेपर्यंत हसले. हे हसणं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते आईबरोबर गेलं.

तेवढ्यात पडद्यावर माझी पाटी आली, काळी, नम्र. बाबा घाईघाईने म्हणाले, “आलं पाहा. माणिकबाई, कुठी जाऊ नका, मी पुन्हा लावतो.” आणि वळले तर दारात मी, खांद्यावर पिशवी.

खोटं लिहायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून लिहिते: मला राग आला. खूप. माझ्या आईची गोष्ट, मला कधी न सांगितलेली, आमच्या स्वयंपाकघरात तिसरंच कोणी सांगत होतं आणि बाबांनी मिशा काळ्या केल्या होत्या. अठरा दिवस मी बिघाड शोधत होते आणि बिघाड समोर बसून मेथी निवडत होता.

“फोन जुना झाला म्हणालात.”

“जुनाच होता तो.”

“आणि हा?”

“हा चांगला हाये.”

“बोलायचंच होतं तर सरळ फोन करायचा मावशीला.”

“काय सांगून करू?” बाबांनी मेथी गोळा करायला घेतली, माझ्याकडे न बघता. “सासष्ट वर्षाच्या मानसानं एकट्या बाईले फोन लावाले कारण लागते, पियू. इथं मालिका हाये. कोनी इचारलं तं सांगता येते, मालिका पाहून राह्यलो.”

“मालिका अकराव्या मिनिटावर थांबली आहे, बाबा. पंचवीस नोव्हेंबरपासून.”

“मंग? कोनाले घाई हाये?”

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. “आईच्या जागी…” एवढंच म्हणू शकले.

बाबा मग माझ्याकडे बघून बोलले. “तुह्या आईची जागा तुह्या आईचीच हाये. पन तिच्याबद्दल बोलाले कोनी पाह्यजे का नाई? मी नाव काढलं का तू रडतं. धर्मेंद्र उठून जाते. माणिकबाई हासवते.”

खरं होतं ते. मी रडते, दादा उठून जातो, आणि बाबा आमची सोय बघून गप्प बसतात. तीन वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्याची काळजी करत आले, आणि त्यांना गप्प मीच केलं होतं.

मी खाली बसून बाबांबरोबर मेथी गोळा केली. मग बाबांनी हळूच विचारलं, “वीस तारखेपासून हे असंच हाकलनार हाये काय सगळ्याइले?”

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, “तुले आज कळलं?” दादालाही माहीत होतं. शेजारच्या देवमनकाकांनाही. माणसं ओळखणं हे माझं काम!

१५ डिसेंबर, सोमवार

अनुपसरांना सांगितलं, बिघाड नव्हताच, माणसं होती. कोण ते सांगितलं नाही. सर म्हणाले, एका बैठकीसाठी नियम बदलता येत नाही. तेव्हा बंडूने बाकीच्या बैठकांचे आकडे काढले, जे आम्ही बघितलेच नव्हते, कारण आमचे डोळे सातवीवर. तबक आल्यापासून दहापैकी सहा बैठका उठल्यावर कोणी ना कोणी पुन्हा उघडल्या होत्या. पार्बताबाईंनी तर तीनदा.

“सर, आमच्या घरी सोप घेऊन पाहुने उठतात,” बंडू म्हणाला, “अन् मंग दारात चपला घालून घंटाभर उभे राह्यतात. खरी गोठ तं तिथंच निंघते.”

मी त्या दिवशी त्याच घरात होते. सोप घेतली आणि पळत बस धरली. दारात थांबलेली माणसं मी बघितलीच नाहीत.

तर आता ‘दार’ करायचं. सोप घेऊन ज्याला जायचं तो जाईल, ज्याला थांबायचं तो दारात थांबेल, हवा तेवढा वेळ. सर म्हणाले, मग भागाचं चित्र काढून टाक, उगाच जागा अडते. मी सांगितलं, नाही, चित्र तिथेच राहील, थांबलेलं. आणि दारात कोण आहे, किती वेळ आहे, हे बाहेरच्या कोणाला दिसणार नाही. बैठकीतल्या इतरांना नाही, आपल्यालाही नाही.

“मग लोकांना आवडलं की नाही हे आपल्याला कळणार कसं?”

“ते उद्या परत येतील त्यावरून.”

सरांनी पेनचं टोपण तीनदा काढलं-लावलं. मग म्हणाले, “पाच दिवस आहेत. करा.”

२० डिसेंबर, शनिवार

झाली! दुपारी बैठक लोकांपुढे गेली. सात वाजेपर्यंत इतक्या बैठका भरल्या की सरांनी आकडा दोनदा मोजायला लावला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पुण्याला कळव, येत नाही म्हणून.” मी बुधवारीच कळवलं होतं. बंडू पुन्हा टेबलावर चढला. या वेळी टेबलाचा पाय गेला.

पाच वाजता सातवीही बसली होती. मी ऑफिसातूनच बघितलं. अकराव्या मिनिटावर अडकलेला तो दुसरा भागच पुन्हा लावला आणि एकदाचा पूर्ण झाला. मावशीने हवालदाराची नक्कल केली, दादा पोट धरून हसला. बाबांनी आईचं नाव काढलं, तिला असले चोर लगेच ओळखू यायचे म्हणाले. माझे डोळे भरले, पण मी हसले. दादा उठून गेला नाही. मग वहिनीने तबक फिरवलं. मावशी काहीतरी आणखी सांगायच्या बेतात होती आणि मला ते ऐकायचं होतं. मी चिमूट उचलली आणि निघाले.

आता बाबांचा फोन येऊन गेला.

“पियू, उद्या अंजनगावले जाऊन येतो म्हनतो. सकाळच्या गाडीनं. तुले सुट्टी हाये ना? येतं काय संगं?”

“उद्या मला काम आहे, बाबा. तुम्ही जाऊन या.”

“लय काम करतं बाप्पा तू,” म्हणाले, आणि फोन ठेवण्याआधी विचारलं, निळा शर्ट बरा की पांढरा. मी सांगितलं, निळा.

उद्या मला काहीच काम नाही.